माहूर : सीमेवरचे गाव

स्मरणिकेसाठी 'शाळेच्या आठवणी' सोडून काहीही लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आठवणी म्हणे ढीगभर आल्या आहेत. मी इतिहासाचा नुसता वाचक, अभ्यासक नव्हे. तरी लिहायचेच तर माहूरवर लिहावे असे ठरवले, कारण माहूरचे माझ्याकडे एक जुने देणे आहे. आपल्या बॅचपुरते तरी ते कुणाच्या लक्षात असेल.

डिसेंबर १९७८. नववीची सहल. प्रासंगिक कराराची लाल एसटी, मागच्या सीटवर पुऱ्यांचे डबे, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बॉनेटला टेकून उभे असलेले आपले इतिहासाचे सर. हदगाव मागे पडले, गाडीने पैनगंगा ओलांडली आणि उमरखेड आले. तिथून महागाव, मग धनोडा. धनोड्याला पुन्हा पैनगंगा आणि तिच्या अलीकडे-पलीकडे सागाचे जंगल. दुसऱ्यांदा नदी ओलांडताना सरांनी मागे वळून विचारले, "लेकरांनो, माहूर कुठे येते? मराठवाड्यात का विदर्भात?"

"मराठवाड्यात!" सगळी गाडी ओरडली. नांदेड जिल्हा पाठ होता आपल्याला.

"मग मघापासून आपण यवतमाळ जिल्ह्यातून का चाललोय? आणि मराठवाड्यात आहे म्हणता, तर कधीपासून?"

गाडी गप्प. किनवटकडून आलेला आपला एक मित्र तेवढा चाचरत म्हणाला, "सर, आमचे आजोबा जमिनीच्या दाव्यासाठी आदिलाबादला जायचे." सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितले, की उत्तराची सुरुवात याला सापडली आहे, बाकीचे किल्ल्यावर सांगेन.

पुढचे सांगायला मला थोडी लाज वाटते. देवीचे दर्शन झाले, डबे उघडले, ऊन चढले. सर गुडघ्यावर हात ठेवून किल्ल्याच्या वाटेला लागले, तेव्हा त्यांच्यामागे अकरा जण गेले. मी त्या अकरांत नव्हतो. आम्ही बाकीचे झाडाखाली पत्ते खेळत बसलो आणि माकडांनी पळवलेल्या एका मैत्रिणीच्या पिशवीचा पाठलाग केला. पुढे 'आमची सहल' हा निबंध मी देवीच्या माहात्म्याच्या पोथीवरून उतरवून काढला. वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत लिहिले होते : 'देवीचे लिहिलेस. गावाचे काय?'

सर आज नाहीत. निवृत्तीनंतर मी माहूरला चार-पाच वेळा गेलो, किल्ला पाहिला, जमेल तेवढे वाचले. त्या लाल शाईखालची ही उरलेली पाने समजा.

आधी गाव कसे आहे ते सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी माहूर पायऱ्यांपुरतेच पाहिले आहे. माहूर हे एका डोंगरावरचे गाव नाही. तो डोंगरांचा घोळका आहे. एका शिखरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्त, तिसऱ्यावर अनसूया, आणि देवीच्या डोंगरासमोर रामगड म्हणजे माहूरचा किल्ला. या सगळ्यांच्या मध्ये, सपाटीवर, लहानसे गाव. नदी उत्तरेकडून वळसा घालून जाते. पावसाळ्यानंतर दत्तशिखरावरून पाहिले की जंगलापलीकडे तिचा चकाकता पट्टा दिसतो. पलीकडचा मुलूख वऱ्हाडाचा. दक्षिणेला किनवटचे सागवान आणि त्यानंतर तेलंगण. म्हणजे एका शिखरावर उभे राहून तीन मुलखांकडे पाहता येते. माहूरचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघाला आहे असे माझे मत झाले आहे. गाव नेहमी कुणाच्या तरी राज्याच्या अगदी कडेला होते.

देवीची कथा आपल्याला माहीत आहेच. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारले. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह आणि दुसऱ्यात आई रेणुका असे घेऊन कोऱ्या भूमीचा शोध केला, आणि ती भूमी इथे सापडली. अंत्यसंस्काराचे पौरोहित्य दत्तात्रेयांनी केले, रेणुका सती गेली. आईसाठी व्याकूळ झालेल्या परशुरामाला आकाशवाणी झाली, की ती जमिनीतून वर येईल, पण तू मागे वळून पाहू नकोस. त्याने पाहिलेच. म्हणून आईचे मुखच तेवढे वर आले. माहूरच्या गाभाऱ्यात उभी मूर्ती नाही, तो तांदळा आहे, देवीचे शेंदरी भव्य मुख. साडेतीन पीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. देऊळ देवगिरीच्या यादवांच्या काळी बांधले असे सांगतात.

लहानपणी मला ही गोष्ट वळून पाहणाऱ्या उतावळ्या मुलाची वाटायची. आता तिच्यातला 'कोरी भूमी' हा शब्द जास्त अडवतो. कुणाचीच नसलेली, कुणी आधी न वापरलेली जमीन. सीमेवरच्या जंगलातच अशी जमीन असू शकते! नंतर मात्र तिच्यावर इतक्या जणांनी हक्क सांगितला, की कोरेपण औषधालाही उरले नाही.

नावाचेच पाहा. तिथले पुरोहित 'मातापूर' म्हणतात. आंध्र-तेलंगणातून येणारे भाविक सांगतात की हे 'मातेचे ऊरु', आणि ऊरु म्हणजे तेलुगूत गाव. भाषाशास्त्राचा निकाल काय असेल तो असो, पण आपल्या गावाच्या नावाचा अर्थ दोन भाषांत लावता यावा आणि दोन्हीकडच्यांना तो आपलाच वाटावा, हे माहूरला शोभते. नवरात्रात पायऱ्या चढताना माझ्या पुढे एक म्हातारी तेलुगूत देवीला हाका मारत होती आणि मागे एक बंजारा कुटुंब गोरबोलीत बोलत होते. मध्ये मी नांदेडी मराठीत धापा टाकत होतो. पायऱ्या दोनशेच्या वर आहेत. नववीत त्या मोजल्या नव्हत्या, आता प्रत्येक मोजली जाते.

आपल्याकडच्या लग्नातला गोंधळ तुम्हाला आठवत असेल. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद मानतात. पहिल्यांची देवी तुळजापूरची आणि दुसऱ्यांची माहूरची. त्यांच्यात सांगतात की परशुरामाने बेटासुराला मारले, त्याच्या शिराचे आणि शिरांचे तंतुवाद्य करून ते आईपुढे वाजवले, आणि तोच पहिला गोंधळ. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत, ज्यांनी माहूर पाहिलेही नसेल, मांडवात माहूरच्या नावाने संबळ वाजलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत याची नोंद नसते, पण गावाचा पसारा किती दूर गेला ते यावरून कळते.

दत्तशिखर हे माहूरचे दुसरे दार. दत्तप्रभू रोज स्नान एकीकडे करतात, भिक्षेला कोल्हापूरला जातात आणि निद्रेला माहूरला येतात अशी श्रद्धा आहे. तिथे दशनामी गोसाव्यांची परंपरा आहे आणि दत्तजयंतीला मोठी गर्दी होते. पण याच दत्ताचे आणखी एक रूप माहूरला आहे, आणि शाळेत ते आपल्याला कुणी सांगितले नव्हते.

महानुभाव पंथ पाच कृष्ण मानतो. त्यांत माहूरचे दत्तात्रेय प्रभू आहेत. फलटणचे चांगदेव राऊळ म्हणजे चक्रपाणी प्रभू बाराव्या शतकात माहूरला आले. गडाच्या वाटेवर दत्तात्रेय वाघाच्या रूपाने समोर आले आणि त्यांनी पंजा चांगदेवांच्या मस्तकावर ठेवला. ती शक्ती चांगदेवांकडून ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंकडे गेली आणि त्यांच्याकडून चक्रधरांकडे, असे पंथाच्या ग्रंथांत सांगितले आहे. याच पंथाच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र लिहिले, ज्याला आपण मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणतो. चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी 'सह्याद्रिवर्णन' हे काव्य लिहिले, त्यातला सह्याद्री म्हणजे हेच माहूरचे डोंगर. महानुभावांच्या मान्यवर सात काव्यग्रंथांत त्याची गणना होते. म्हणजे मराठीत ग्रंथ लिहिले जाऊ लागले त्याच पहाटे माहूर त्यांत आलेले आहे. महानुभावांचे देवदेवेश्वर मंदिर आजही गावाजवळ आहे, आणि दत्तशिखरावर जाऊन आलेल्या दहांपैकी नऊ जण तिकडे फिरकत नाहीत. मीही पहिल्या दोन खेपांना फिरकलो नव्हतो.

वाघाची गोष्ट मला फार आवडते. परशुरामाच्या गोष्टीत जंगल नुसते पाठीमागे आहे, इथे जंगलच गुरू होऊन समोर येते. पैनगंगेच्या काठाचे आजचे अभयारण्य पाहिले की आठशे वर्षांपूर्वी एकट्या माणसाने ही चढण चढणे काय असेल याची कल्पना येते.

बाकीची दारे थोडक्यात सांगतो. गावाजवळ पांडवलेणे आहे. खडकात कोरलेले, जाड खांबांचे, आत गर्द थंडावा. ते राष्ट्रकूटकाळातले मानतात. पांडवांचा त्याच्याशी संबंध नावापुरताच. आपल्याच जिल्ह्यातले कंधार हे राष्ट्रकूटांचे मोठे नगर होते हे लक्षात घेतले, तर माहूरच्या डोंगरात त्या काळी छिन्नी चालली यात नवल वाटत नाही. मातृतीर्थ आहे, सोनापीराचा दर्गा आहे, आणि थोड्या अंतरावर शेख फरीदांचा वझरा. तिथला धबधबा आणि दर्गा दोन्ही पाहण्यासारखे. पौर्णिमेच्या परिक्रमेला निघालेला माणूस सगळ्याच ठिकाणी हात जोडतो. लातूरला स्थायिक झालेले आपले मित्र म्हणतील, की लेणी पाहायची तर आमच्या खरोशाला या. कबूल, खरोशाची लेणी जास्त मोठी आहेत. पण खरोशाला किल्ला नाही.

आणि किल्ल्यासाठीच मी पुन्हा गेलो होतो.

रामगड चढायला अवघड नाही, हे कळल्यावर १९७८ चे पत्ते जास्तच बोचले. तटबंदी डोंगराच्या कडेकडेने लांबवर जाते. काही ठिकाणी दरी इतकी सरळ तुटलेली आहे की भिंतीची गरजच नाही. हत्ती दरवाजा, बुरूज, आत मोठा तलाव, महाकालीचे ठाणे. पावसाळ्यात गवत कमरेएवढे वाढते आणि वाट शोधावी लागते. तटाच्या फटींत वड-पिंपळ रुजले आहेत, त्यांची मुळे दगड ढिले करत आहेत. देवीच्या डोंगरावर हजारो माणसे असतात त्या दिवशीही इकडे गुराख्याची दोन पोरे आणि मी. समोरच्या शिखरावरचा गजर मात्र वाऱ्याबरोबर स्पष्ट ऐकू येतो.

इथे आधी गोंड राजांची सत्ता होती. किनवट-माहूरच्या जंगलात आजही गोंड, कोलाम, आंध, प्रधान या समाजांची वस्ती आहे. तेव्हा ही सत्ता कुठून बाहेरून आली असे नाही, ती इथल्याच मातीची. १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने माहूरवर स्वारी केली. हाच तो सुलतान ज्याने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. बीदरच्या दृष्टीने माहूर म्हणजे उत्तरेचे टोक. पलीकडे गोंडवन आणि माळवा. तिथला किल्ला आपल्या हातात नसेल तर वऱ्हाड हातात राहत नाही, हे त्याला कळत होते.

पुढे महमूद गावान वजीर झाला. बीदरचा त्याचा मदरसा आपण उदगीरच्या सहलीला जोडून पाहिला होता, निळ्या फरशांचा तो उंच मिनार आठवत असेल. सरदार डोईजड होऊ नयेत म्हणून गावानाने बहमनी राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या. वऱ्हाडचे दोन तुकडे झाले : एक गाविलगडचा आणि दुसरा माहूरचा. मला हे वाचून गंमत वाटली. आज ज्या गावाला जिल्ह्याच्या नकाशावर बोटाने शोधावे लागते, ते अर्ध्या वऱ्हाडाचे मुख्य ठाणे होते! माहूरचा कारभार खुदावंदखान नावाच्या हबशी सरदाराकडे आला. हबशी म्हणजे मूळचा आफ्रिकेतला. गाविलगडला फतहुल्ला इमादुल्मुल्क होता, जो मूळचा विजयनगरकडचा ब्राह्मण म्हणून सांगतात. एक माणूस समुद्रापलीकडून आलेला, दुसरा तुंगभद्रेपलीकडून, आणि दोघांत वऱ्हाड वाटलेले. महमूद गावानाची ही व्यवस्था सरदारांना पचली नाही. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आरोपावरून सुलतानाने त्याला मारले, आणि पुढच्या काही वर्षांत राज्याचे पाच तुकडे पडले.

मग माहूरच्या नशिबी ओढाताण आली. एकीकडे बीदरची बरीदशाही, दुसरीकडे वऱ्हाडची इमादशाही. १५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाही गिळली. १५९६ मध्ये चांदबीबीला वऱ्हाड मोगलांना देऊन तह करावा लागला. अकबराच्या दफ्तरात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून लिहिले गेले. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत गावाने किती धनी पाहिले हे मोजत बसत नाही. परीक्षेत सनावळ्यांचे पाच गुण असत, तेवढे पुरेत.

थांबावे ते उदारामांपाशी. उदाजीराम हे दख्खनी ब्राह्मण सरदार. आधी मलिक अंबरकडे, मग मोगलांकडे. माहूर त्यांचे ठाणे. १६२३ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून पळत दक्षिणेत आला. बुऱ्हाणपुराहून तापी ओलांडून तो माहूरच्या बाजूने कुतुबशाहीच्या मुलखात उतरला. जाताना हत्ती आणि अवजड सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामांच्या हवाली केले. पळणाऱ्या राजपुत्राला जंगलातून हत्ती नेणे परवडणारे नव्हते. हत्ती दरवाज्यात उभा राहून मी या हत्तींचा विचार करत होतो. दरवाज्याचे नाव त्यांच्यावरून पडले असे मुळीच म्हणणार नाही, हत्ती दरवाजे गावोगावच्या किल्ल्यांना असतात. पण ताजमहाल बांधणाऱ्याचे हत्ती काही काळ आपल्या नांदेड जिल्ह्यात चारा खात होते, ही गोष्ट नववीतल्या मुलांना सांगितली असती तर निदान निम्मी पोरे तरी पत्ते टाकून वर गेली असती. सरांनी वर कदाचित तीच सांगितली असेल.

याच घराण्यातली सून रायबागन. तिचे नाव सावित्रीबाई असे सांगतात. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर तिने जहागिरी सांभाळली, बंडखोरांशी स्वतः लढली आणि मोगल दरबाराने तिला 'रायबागन' म्हणजे राजव्याघ्री ही पदवी दिली. पुन्हा माहूर आणि पुन्हा वाघ! फेब्रुवारी १६६१ मध्ये ती कारतलबखानाच्या फौजेबरोबर कोकणात उतरत होती. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी ही फौज अशी कोंडली की पुढे वाट नाही, मागे वाट नाही आणि प्यायला पाणी नाही. 'शिवभारता'त कवींद्र परमानंदाने लिहिले आहे, की या वेळी रायबागनने खानाला त्याची चूक तोंडावर सांगितली आणि शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो ऐकला. खजिना आणि सामान टाकून फौज जिवंत परतली.

रायबागन महाराजांच्या विरुद्ध बाजूला होती, म्हणून आपल्याकडे तिचे नाव घेताना लोक जरा अडखळतात. मला ते पटत नाही. सीमेवरच्या घराण्यांना बाजू निवडायची चैन नसते, त्यांना मुलूख जगवायचा असतो. हजारो माणसे मरणार हे दिसत असताना सेनापतीला 'चुकलास' म्हणायची हिंमत त्या अख्ख्या फौजेत आपल्या माहूरच्या बाईने दाखवली. किल्ल्याच्या पायथ्याशी तिच्या नावाची साधी पाटी तरी असावी. मला फिरून फिरून ती दिसली नाही. आपल्या मेळाव्याच्या शिलकी निधीतून लावता आली, तर माझी पहिली वर्गणी धरा. परवानग्यांचे मात्र तुमच्यापैकी जे महसूल खात्यात होते त्यांनी पाहावे.

आता सरांचा प्रश्न. कधीपासून?

निजामाच्या राज्यात माहूर दीर्घकाळ राहिले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पैनगंगा ही सरहद्द झाली. अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रजी कारभार. चारशे वर्षे जे गाव वऱ्हाडाशी बांधलेले होते, त्याचे वऱ्हाड नदीपलीकडे राहिले. बाजार, सोयरीक आणि यात्रा मात्र नदीने अडल्या नाहीत. पुढे याच नदीचा मुक्तिसंग्रामात उपयोग झाला. १९४७-४८ मध्ये रझाकारांचा जाच वाढला, तेव्हा नांदेड जिल्ह्यातले कार्यकर्ते पैनगंगा उतरून उमरखेडच्या शिबिरात जात आणि रात्री पुन्हा अलीकडे येऊन कामगिरी करत. आपल्या वर्गातल्या दोघा-तिघांचे वडील-आजोबा त्यांत होते. सहलीला जाताना उमरखेडच्या स्टँडवर आपण चहासाठी थांबलो, तेव्हा हे आपल्याला ठाऊक नव्हते. सरांना असणार.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पण म्हणून माहूर नांदेडात आले नाही. किनवट तालुका, आणि त्यात माहूर, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, हैदराबाद राज्याची तीन भाषांत वाटणी झाली आणि मराठी बोलणारा किनवट तालुका आदिलाबादेतून काढून नांदेडला जोडला. राजुरा पुढे चांद्याला गेला. म्हणजे आपण १९७८ मध्ये जोरजोरात 'मराठवाड्यात!' ओरडलो, तेव्हा माहूर नांदेड जिल्ह्यात येऊन अवघी बावीस वर्षे झाली होती. आपल्या थोरल्या भावंडांच्या वयाची गोष्ट. माहूर स्वतंत्र तालुका झाला तो तर फार नंतर.

रेघ आखून निर्णय झाला, पण माणसे रेघेवर राहत नाहीत. मागच्या खेपेला देवळाच्या वाटेवर एका दुकानात तांबूल घ्यायला थांबलो. माहूरचा प्रसाद म्हणजे खलबत्त्यात कुटलेला विडा, तो देवीच्या मुखात ठेवतात आणि मग वाटतात. दुकानदार बाई कुटता कुटता गिऱ्हाइकांशी बोलत होत्या. एकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी वऱ्हाडीत, माझ्याशी आपल्या बोलीत. मी विचारले, "काकू, माहेर कुठलं तुमचं?" त्या म्हणाल्या, "नदीपल्याडचं, महागावाकडचं. सासू आदिलाबादची." मग माझ्या हातावर चिमूटभर तांबूल ठेवून म्हणाल्या, "आधी खाऊन पाहा, मग सांगा किती देऊ."

मी पाव किलो घेतला. परतीची गाडी धनोड्यावरून होती. पैनगंगेच्या पुलावर ऊन उतरले होते आणि किल्ल्याची कड दूरवर दिसत होती. तटबंदी आणि कडा यांतला फरक इतक्या लांबून कळत नाही.

आता एक विनंती. त्या दिवशी सरांबरोबर वर गेलेले अकरा जण तुमच्यातच आहेत. दोन वाजता गेलात आणि साडेचारला उतरलात. सर आधी खाली आले, तुम्ही मागून हसत हसत आलात, आणि गाडीत तुम्ही आम्हाला काहीच सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. सर वर काय काय बोलले, कुठे बसून बोलले, ते मेळाव्याला आलात की मला सांगा. वही घेऊन येतो.